भालप्पाचं माहेर

मंगळवार पेठ, सोलापूर
वैशाख, सन १९७५

व्याही श्री. अण्णाराव यांना रेवणप्पाचा मनापासून शरणार्थ.

आपला गुडघा आता चढ चढू देतो का? रानीखेतच्या गारठ्यात विहीणबाईंचा खोकला बळावतो असं सूनबाईच्या बोलण्यात आलं होतं. त्यांना म्हणावं, ओवा भाजून पुरचुंडीनं छाती शेकत जा. आपल्या मातोश्री ईरम्मा यांना तिकडं ज्वारी मिळते का, की अजून गव्हाच्या पोळीकडं बघून तोंड वाकडं करतात? चिरंजीव कल्लप्पाची दाढदुखी थांबली असेल. आमच्याकडं सौ. काशम्माचे सांधे उन्हाळ्यापुरते गप्प आहेत, चिरंजीव गिरणीत जातो-येतो, सूनबाई महानंदाला सातवा लागला आहे आणि प्रकृती उत्तम आहे. मी ठीक. घरात बरा नाही असा एकच जण आहे आणि त्याच्याबद्दल लिहायला मला तोंड नाही, म्हणून हाताने लिहितो आहे.

लग्नात मुलीबरोबर आपण टोपलीतून ते पिल्लू दिलंत, तेव्हा ते मांजराएवढं राहील असं मी धरून चाललो होतो. (पहाडी कुत्रं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आपण मिलिटरीच्या गोदामात नोकरीला, तुम्हाला ठाऊक असणार. पण तुम्ही बोलला नाहीत आणि व्याह्यांनी दिलेल्याचं माप विचारायची आमच्यात रीत नाही.) वर्षभरात त्यानं आमचा उंबरा भरून टाकला. आमच्या सरकी-पेंडीच्या दुकानात तो आडवा पडला की गिऱ्हाइकांना पोतं कुठलं आणि कुत्रं कुठलं कळेना. दुधनीचे एक वयस्कर व्यापारी त्याच्यावर चक्क बसले, उन्हातून आलेला माणूस जसा टेकतो तसे. तो हलला नाही. पोत्यानं सुस्कारा टाकला म्हणून तेच उठले, ते अजून परत आलेले नाहीत. आपण नाव भालू ठेवलं होतं. पेठेनं त्याचा भालप्पा केला.

घर आमचं शाकाहारी. काशम्मानं पहिल्याच दिवशी सांगितलं की आमच्या घरात आला तर आमच्यासारखं जेवेल. तो जेवला. ज्वारीची भाकरी, आमटी आणि शेंगाची चटणीसुद्धा. (चटणीनंतर हौदात तोंड घालायचा, ही गोष्ट वेगळी.) संक्रांतीच्या थंडीत तर त्याच्या अंगात त्याचा डोंगर संचारला होता. गड्ड्याच्या यात्रेला काशम्मानं स्वतः त्याच्या कपाळाला विभूती लावली. माणसं दोन्ही अंगाला सरकून वाट देत होती आणि मी त्याच्या मागून मामलेदारासारखा चाललो होतो. व्याहीबुवा, एवढा मान मला माझ्या स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

मग चैत्र लागला. सोलापूरचं ऊन तुम्ही विसरला नसाल. जिभेवरून पाणी गळायचं, पोट भात्यासारखं हलायचं. एक दिवस तो सगळाच्या सगळा हौदात जाऊन बसला. नळाला पाणी येतं दिवसाआड, त्यात हा. काशम्मा म्हणाली, आता आमटी कुत्र्याच्या आंघोळीत शिजवू का? पण त्याला बाहेर काढलं नाही तिनं. ओली पोती आणून बाजूला ठेवली आणि आम्हाला शेजारून पाणी मागायला लावलं.

त्यातच दुकानावर सांगोल्याचा महिपती आला. मेंढरं राखणारा, पेंडीचं जुनं गिऱ्हाईक. भालप्पाला बघून त्याचा जीव कळवळला. म्हणाला, "मालक, आमी मेंढरं कातरतो की उन्हाळ्यात. ह्ये तर निम्मं मेंढरूच हाय. घ्या उतरून वझं." मला पटलं. माणूस सदरा काढतो, मेंढराची लोकर काढतात, मग ह्यानंच का शिजत राहायचं? सूनबाई दवाखान्यात तपासून घ्यायला गेली होती, ती आल्यावर खूश होईल असंही मनात होतं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं आणि महिपतीनं कातर चालवली. भालप्पा एकदाही गुरगुरला नाही. मी धरलंय म्हणजे चांगलंच होणार असं त्याला वाटलं असावं. हेच मला रोज आठवतं.

लोकरीचा ढीग झाला तो कुत्र्याहून मोठा. आणि कुत्रं निघालं ते आमच्या पेठेतल्या कुठल्याही कुत्र्यासारखं, फक्त डोकं तेवढं जुनं. जी गल्लीतली कुत्री त्याला बघून बोळ बदलायची ती दारात येऊन भुंकू लागली. हा पोत्यांमागं भिंतीकडं तोंड करून बसला. पुढं उघड्या कातडीला ऊन लागून फोड आले. जनावरांच्या सरकारी डॉक्टरांकडं नेला, तर ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही ऊन लागतं म्हणून घराचं माळवद उतरवून ठेवता का?"

कातरलं त्या दिवशी सूनबाईनं दवाखान्यातून आल्यावर त्याला आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मामंजी, मी येईपर्यंत थांबायचं होतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग आत जाऊन माहेरचं हिरवं सुती पातळ आणलं, भिजवून त्याच्या अंगाभोवती गुंडाळलं. तेव्हापासून तो पातळातच आहे. पेठेतले लोक विचारतात, डोहाळे नक्की कुणाला लागलेत? मी हसतो, काय करू.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत म्हणून कल्लप्पाला तिला न्यायला मुराळी धाडतो असं आपण कळवलंत. सूनबाई नाही म्हणते. भालप्पाला या स्थितीत टाकून माहेरी पाऊल ठेवणार नाही, बाळंतपण इथंच होऊ दे म्हणते. माझ्या कातरीपायी विहीणबाईंच्या घरचा पाळणा रिकामा राहावा, हे मला सोसणार नाही. तेव्हा मुराळी धाडाल तो दोघांसाठी धाडा, ही विनंती. तोही तिकडचाच, त्यालाही माहेर आहे. गार्डाच्या डब्यात कुत्र्याची सोय असते म्हणतात, तेवढी कल्लप्पानं पाहावी. गाडीत भाकऱ्या पुरतील एवढ्या काशम्मा देईल.

आपला,
रेवणप्पा

ता. क. लोकर वाया गेली नाही. महिपतीलाही वाईट वाटत होतं, त्यानं घरच्या बायकांकडून कातून लहानसं घोंगडं विणून आणलं. सूनबाईनं ते बाळासाठी पेटीत ठेवलं आहे. घोंगडं आलं त्या दिवसापासून ती माझ्याशी थोडं थोडं बोलते.

ता. क. बाळ-बाळंतीण परत येतील तेव्हा भालप्पाला मात्र तिकडंच ठेवून घ्यावं. सूनबाईला हे आत्ताच सांगू नका. तो डोंगराचा आहे, मी त्याला पेंडीच्या दुकानात बसवलं. एवढं होऊनही तो सकाळी माझ्याच पायावर डोकं ठेवतो, ते आता बघवत नाही.

ता. क. वरचं काशम्मानं माझ्याकडून वाचून घेतलं. ती म्हणते, खोडा. म्हणते, माहेरी गेलेलं कुणी तिकडंच ठेवून घेतं का? अंगावर लोकर आली की गड्ड्याच्या यात्रेआधी त्याला सासरी पोचवावं, कपाळ विभूतीवाचून राहता कामा नये. मी खोडत नाही, पण तिचं ऐकावं. मुराळी कधी निघतो ते उलट टपाली कळवा. पातळ दिवसातून किती वेळा भिजवावं लागतं, तुम्हाला कल्पना नाही.