दोनदा वाजवलेली कडी

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही खुशाल. आईचा गुडघा बरा आहे, माझं शिवणकाम चालू आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

जुन्या गल्लीचा कायापालट झालाय. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खिडक्या, दगडी पायऱ्या नव्या दुकानांना बसवल्या आहेत. लोक हौसेने फोटो काढतात. हा माल तू पुरवतोस म्हणे. धंदा आहे, कर.

पण आपला दरवाजा? घर पाडलं तेव्हा "वाळवी लागलेली, जाळून टाकला," असं आईच्या समोर सांगितलंस आणि त्यानंतर इकडे फिरकलाही नाहीस. तोच दरवाजा तिथल्या हॉटेलला लावलाय, पॉलिश मारून. बाबांनी भट्टीवर घडवलेली कडीही तशीच आहे. डावखुऱ्या, बुटक्या बायकोसाठी डावीकडे, खाली बसवलेली. लाज कशी वाटली नाही तुला?

मी गिळलंही असतं. पण परवा दवाखान्यातून त्या गल्लीने येताना आई नेहमीसारखी भिंतीला हात लावत चालली होती. डोळे गेले, पण तिच्या हाताला सगळं कळतं. कडी लागली तशी थांबली. कडीच्या लोखंडाचा पीळ चाचपला. मग दोनदा वाजवली. आठवतंय ना? एकदा वाजली तर गिऱ्हाईक, दोनदा म्हणजे घरचं माणूस. घणाच्या आवाजातही बाबांना कळायचं.

वेटरने दार उघडलं. "आजी, टेबल बुक केलंय का?"

"अरे, मी घरचीच."

तो हसला. त्याचा काय दोष? मला मात्र तुझ्या कानाखाली दोन वाजवाव्याशा वाटल्या.

घरी आल्यावर खरं सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "जाळला नव्हता गं पोराने. जपलाय. तिथेच राहतो वाटतं आता. दार उघडायला माणूसही ठेवलाय."

जेवताना मध्येच थांबली. "पण मी दोनदा वाजवली होती. तरी स्वतः नाही आला."

आजवर तुझ्या थापांवर पांघरूण घातलं. यावर घालणार नाही. येत्या रविवारी सकाळी तिला पुन्हा तिथे जायचंय, आणि मी नेणार आहे. दार तू उघडायचंस. दरवाजा विकला, हेही तिला तूच सांगायचंस. नाही आलास तर तिथेच उभ्या उभ्या मी सांगेन, आणि तुझी बाजू सावरून घेणार नाही.

कडी दोनदाच वाजेल.

आईचा हात धरून दाराबाहेर उभी,
तुझी ताई