गच्चीवरची छपरी आणि सूर्याची वीज

३ मार्च

चि. बारकी हीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा बांधून पडलो होतो. तुझ्या वहिनीला पाय घसरला असं सांगितलंय, फोनवर तसंच धरून चाल.

चिरंजीवांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरवलंय. बसवणारा आला, होकायंत्र घेऊन फिरला आणि नेमका माझ्या छपरीपाशी थांबला. म्हणाला, दक्षिणेचं ऊन इथंच चांगलं, पण छपरीची सावली पडते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी अख्खी ओळ सुस्तावते, तेव्हा छपरी काढा. बारके, सबंध घरात मला निवांतपणा मिळतो तो त्या छपरीतच!

मी म्हटलं, स्लॅब कच्चा आहे, वजन पेलणार नाही. पटवायला उडी मारून दाखवली. स्लॅब हलला नाही, गुडघा हलला. सूनबाई म्हणाल्या, बाबा, स्लॅब पास झाला, आता खाली चला.

शिवाय छत गळेल, ढग आले की अंधारात बसू, ही काळजी वेगळीच. तुझ्याकडे पॅनेल आहेत. खरं काय ते लिही.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग गुडघ्यासाठी हळहळले. पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत बसवतात, छताला भोक पाडत नाहीत, म्हणून ते गळत नाही. ढगाळ दिवशी वीज कमी होते, बंद पडत नाही. दिवसा उरलेली बाहेर रस्त्यावरच्या तारांत जाते, रात्री बाहेरची आत येते, मीटर दोन्ही मोजतो. मात्र रस्त्यावरची वीज गेली की आपलीही थांबते, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्याला आपल्या विजेचा झटका बसेल.

छपरीसाठी रडू नकोस. सांगाडा डोक्याच्या वर घ्यायला सांग. खालून वारा खेळला की पॅनेल कमी तापतात आणि वीज जास्त देतात. हे खरंच आहे, पण खाली आयती सावली होते हे बोलू नकोस. साळसूद चेहरा ठेव.

तुझी बारकी

२६ एप्रिल

चि. बारकी हीस अनेक आशीर्वाद.

काम फत्ते! मी वाऱ्याचं सांगितलं तेव्हा बसवणारा बघतच राहिला. चिरंजीवांनी विचारलं, बाबा, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, चौथीत.

छपरी गेली, पण तिच्या तिप्पट सावली झाली. घोटाळा असा, की ती सगळ्यांनाच आवडली. सूनबाई भाजी निवडायला वर, तुझी वहिनी शिवणयंत्रासकट वर. चिरंजीव किती वीज झाली ते मोबाइलवर बघून मोठ्यानं वाचतात. शेजारचे मास्तर बुद्धिबळ घेऊन येतात आणि हरले की भांडतात. मी मुकाट्यानं खाली आलो. बघतो तर काय, सगळं घर रिकामं! पंखा माझा, पेपर माझा, कोणी हूं की चूं करत नाही.

आता एकच धास्ती. पावसात पॅनेलच्या फटींतून पाणी गळतं म्हणे. मग ही सगळी फौज खाली उतरेल. त्या फटी बुजवता येतात का? लोभ आहेच, पण आधी हे कळव. पत्र हाती पडताच लिहायला बस.

तुझा दादा