तपासणीच्या दिवशीची गोळी

१२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामा,

सविनय नमस्कार. चार महिने पत्र नाही, याबद्दल कान पकडते. (दवाखान्यात कामं फार, असं लिहिणार होते, पण कामं तेवढीच आहेत, डोकं चालेनासं झालंय.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत विचारत नाही, कारण गेल्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा मीच बीपी बघून गोळी वाढवली होती.

डोकं बंद पडलं ते एका शिंप्यापायी. गृहस्थ सज्जन, टापटिपीचे. तक्रार एकच, चक्कर. कापड बेतताना टेबल फिरतं. परवा तर हातात गरम इस्त्री असतानाच तोल गेला. दवाखान्यात बीपी बघावं तर दर वेळी चढलेलं. मी गोळी वाढवली, चक्कर वाढली. मीठ कमी करायला लावलं, आणखी एक गोळी दिली. चक्कर आणखी वाढली. मग रक्त तपासलं, ईसीजी काढला, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. (कान उत्तम आहेत, असं कळवून त्यांनी हे गृहस्थ माझ्याच गळ्यात परत घातले.) सगळं नॉर्मल. पुस्तकं काढून बसले, तर एका आजारावरून दुसऱ्यावर जाता जाता मलाच गरगरायला लागलं.

काल अगदी निरुपायाने विचारलं, आज गोळ्या किती वाजता घेतल्या? ते जरा दुखावलेच.

"तपासणीच्या दिवशी मी गोळी घेतच नाही, डॉक्टर. मशीन दुरुस्तीला नेताना आधीच ठीकठाक करून नेलं, तर कारागिराला बिघाड दिसणार कसा?"

म्हणजे माझ्यासमोर औषधाविना चढलेलं बीपी, आणि घरी माझ्या गोळ्यांनी जमिनीला टेकलेलं. ही चक्कर मीच मापं घेऊन बेतून देत होते. गोळ्या कमी केल्या. चूक नक्की कोणाची, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यांचं म्हणणं थोडं पटतंसुद्धा.

तुमची,
भाची

ता. क. आज मामींचा फोन आला. तुम्ही हल्ली सकाळी उठताना भिंत धरता म्हणे. आणि माझ्याकडे येताना गोळी घेत नाही, 'तिला खरं बीपी कळू दे' म्हणून. मामा, वाढवलेली गोळी लपवायला मी मामींना सांगितलं आहे. शोधू नका. घरी येऊन मीच नीट बीपी बघते.

आणखी ता. क. मी येणार हे वाचलंत, की त्या सकाळी तुम्ही उरलेली गोळीही घेणार नाही. तेव्हा हे पत्र पाठवता येत नाही.

उद्या: मामांची सकाळची गोळी झाल्यावर, न कळवता, बीपीचं मशीन घेऊन त्यांच्याकडे जाणे.