आजोबांच्या वस्तऱ्याची पाठ

प्रिय धाकट्या,

फोन केला की तू हमखास म्हणतोस, गिऱ्हाईक बसलंय, नंतर बोलतो. तुझं ते नंतर काही उजाडत नाही, म्हणून हे पत्र. हातात वस्तरा असताना मात्र वाचू नकोस, नाहीतर कुणाचा तरी कान जायचा.

इकडे सगळं ठीक आहे. आईने दुकानातल्या खुर्च्यांना नवी कव्हरं शिवली, इतकी भडक की लोक बसण्याआधी जरा थबकतात. बाबांच्या हाताची थरथर औषधाने कमी झाली आहे, पण वस्तरा धरता येईल इतकी नाही. त्यामुळे गेले दोन महिने दाढ्या करणं आणि वस्तऱ्यांना धार लावणं, दोन्ही माझ्याकडे. ते दारापाशी बसून सूचना देतात. स्वतःची दाढी मात्र मला करू देत नाहीत. मी घाई करते म्हणे. चांगली बोटभर वाढली आहे. आपल्या दुकानाच्या दारातच असा दाढीवाला पाहून परवा एकाने विचारलं, दुकान बंद पडलं का?

गेल्या आठवड्यात मी आजोबांचा वस्तरा काढला. तोच, ज्याच्यावरून तुमचं बिनसलं. तू त्याच्या पाठीला काळी चिकटपट्टी लावून तो दगडावर घासत होतास आणि बाबांनी पाहिलं. पातं दगडावर आडवं फिरवलं की धारेबरोबर पाठही झिजते, आजोबांच्या वस्तऱ्याची तर निम्मी उरली आहे, असं तू पोटतिडकीने सांगत होतास. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की आजवर बापाचं आणि आपलं चुकलं. आजारी आहे का तो, पाठीला पट्टी बांधायला, असं म्हणून त्यांनी पट्टी सोलून फेकली आणि तुझ्या डोळ्यांदेखत उघड्या पाठीनेच धार लावून दाखवली. तूही त्यांचाच मुलगा. बॅग भरलीस नि निघालास. मी मध्ये पडले असते, पण माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी बाकी होती.

तर हा वस्तरा मी घरच्या रीतीने, उघड्या पाठीने घासला. घास घास घासला, पण मनगटावरचा एक केस कापेल तर शपथ. बाबा सगळं पाहत होते आणि कधी नव्हे ते गप्प होते. शेवटी तू शिकवलेली युक्ती केली. धारेला मार्करची शाई फासली आणि वस्तरा पुन्हा दगडावर फिरवला. मागची शाई गेली, अगदी कडेची रेघ जशीच्या तशी राहिली. म्हणजे कडेला दगड टेकतच नव्हता. पट्टीने पाठ किंचित उचलून लावलेली धार पट्टीशिवाय दगडाला लागत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि तू गेल्यापासून या वस्तऱ्याला बाबांशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

मग तू विसरून गेलेलं पट्टीचं रीळ शोधायला मी बाबांचा खण उघडला. वस्तरा परजायच्या चामड्याच्या पट्ट्याखाली रिळाचं नुसतं पुठ्ठ्याचं कडं. सगळी पट्टी वापरून मोकळे! मी ते कडं त्यांच्यापुढे नाचवलं, तर इतक्या दाढीतूनसुद्धा ओशाळलेले दिसले. आई हसून हसून नव्या कव्हरावर बसली. मलाही हसू आवरेना, आणि मग एकदम भरून आलं. हात चालत होता तोवर ते रोज तुझंच ऐकत होते रे, फक्त तुला कळू देत नव्हते. ती दाढीही माझ्या घाईमुळे वाढलेली नाही, हे आता माझ्या लक्षात आलं.

हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. काल दुकान आवरताना बाबा दाढी खाजवत बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले होते. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "त्याला लिही. येताना पट्टी घेऊन ये म्हणावं. संपली."

तुझीच,
ताई