कपाटाला खारबावची ओळख

आई, काल तुमच्या नातवाच्या नव्या घरी इंटरनेट जोडायला एक माणूस आला होता. चहा होईपर्यंत त्याचं सगळं जोडून झालं. मग त्याने विचारलं, "नेटवर्कला नाव काय देऊ?" नातू फोनवर बोलत होता, तो तिकडूनच म्हणाला, "काहीही द्या." मी मात्र हातातला कप खाली ठेवला. काहीही कसं द्यायचं? एका नावावरून तुमचं नि माझं केवढं वाजलं होतं, तेही माझ्या साहेबांसमोर. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी माझ्या ऑफिसात आपल्या घरचे तिघंच होतो. तिसरा, म्हणजे हाच नातू, तेव्हा तान्हा होता आणि झोपला होता, त्यामुळे त्याला विचारून काही उपयोग नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

लग्न होऊन मी शेलारहून खारबावला आले, तेव्हा "सासूबाई नको म्हनू, मना जड वाटतं" असं तुम्हीच सांगितलंत आणि मी पहिल्या दिवसापासून तुम्हाला आई म्हणायला लागले. माझ्या नोकरीबद्दल मात्र तुम्ही कधीच काही विचारलं नव्हतं. शेलारच्या हद्दीत कापड रंगवायचा मोठा कारखाना होता, मी त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवते, एवढं तुम्हाला माहीत होतं. मामंजींना तेवढंही नको होतं. बाळ झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता सुनेने घरी बसावं. मी म्हटलं, मुंबईचं काम तेवढं संपू दे, मग बघू. मुंबईचं काम म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं हाच प्रश्न होता. कारखान्यात एक मशीन, खारबावच्या सुताच्या गोदामात एक लहान मशीन आणि मुंबईच्या हेड ऑफिसात एक. तिघांना टेलिफोनच्या तारेने जोडून द्यायचं होतं, म्हणजे गोदामात किती सूत आहे हे मुंबईच्या साहेबांना खुर्चीत बसून दिसलं असतं. आणि हे जोडून द्यायचं काम माझं होतं.

जोडणीच्या दिवशी दुपारी मी मशीनसमोर बसलेय, मुंबईचे साहेब फोनवर ताटकळलेत, आणि काचेच्या दारापलीकडे तुम्ही उभ्या. काखेत बाळ, डोक्यावर पदर, कपाळावर घाम. बाळाने सकाळपासून बाटली तोंडाला लावू दिली नव्हती. तुम्ही रिक्षा बदलत बदलत खारबावहून थेट कारखान्यात आला होतात. वॉचमनने अडवलं तेव्हा त्याला काय बोललात कोण जाणे, तो तुमच्या मागून पिशवी घेऊन येत होता. तुम्ही दार ढकललंत आणि म्हणालात, "ह्यो घे तुजा पोऱ्या. आन् चल घरी. बास झाली नोकरी."

आमचे साहेब सभ्य गृहस्थ. ते उठून उभेच राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी शेजारच्या खोलीकडे बोट केलं. तिथे छपाईच्या कागदाचे खोके रचलेले असायचे. त्या खोक्यांवर बसून मी बाळाला पाजलं आणि ते तिथेच झोपी गेलं. त्याला तुमच्या शालीत गुंडाळून तसंच निजवलं. परत आले तर तुम्ही साहेबांनी दिलेल्या खुर्चीत बसून मशीनकडे एकटक बघत होतात. लोखंडी कपाटाएवढं ते धूड, अंगावर लुकलुकणारे दिवे.

"ह्याला काय म्हंतात?"

"मिनी कॉम्प्युटर."

"मिनी म्हंजी?"

"लहान."

"ह्यो लहान? मंग मोठा केवरा आसंल?" साहेब खोकल्याचं निमित्त करून हसले.

मग तुम्ही विचारलंत, मी नेमकं करते काय. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी सांगितलं, या कपाटाला दुसऱ्या कपाटांची नावं आणि पत्ते सांगतेय. पत्ता म्हणजे दोन आकडे, मध्ये टिंब. पहिला विभागाचा, दुसरा त्या मशीनचा. आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत म्हणून प्रत्येकाला एक नाव. नाव सहा इंग्रजी अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. आमच्या मशीनचं नाव शेलार. ते सहांत अगदी बरोबर बसतं. खारबावची मात्र सात होतात, त्यामुळे शेवटचं एक गाळावं लागणार.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. "म्हंजी तुज्या म्हायेराचं नाव आख्खं, आन् माज्या गावाचं तोरायचं?"

मी समजावते आहे की कारखानाच शेलारात आहे, त्याला मी काय करू, आणि तुम्ही साहेबांकडे दाद मागताय. फोनवरून मुंबईचे साहेब विचारतायत, आवाज कसला येतोय. शेवटी मी कागदावर अक्षरं लिहून वाचून दाखवली, शेवटचं खोडलं आणि उरलेलं वाचलं, "खारबा." तुम्ही जरा विचार केलात. "घाईत आमी पन आसंच बोलतो. चालंल. घाल."

मी घातलं. मग खारबावला हाक मारली आणि पडद्यावर खारबावच्या मशीनने ओ दिली. मुंबईच्या साहेबांनी तिकडून पाहिलं, त्यांनाही दिसलं. "शाब्बास," एवढं म्हणतायत तोवर लाइट गेली. आपल्या भिवंडीत लाइट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. आमच्या बॅटऱ्याही म्हाताऱ्या झालेल्या. कपाटाचे दिवे मालवले, पंखे थांबले, आणि एवढी शांतता झाली की शेजारच्या खोलीतून बाळाचा श्वास ऐकू यायला लागला.

लाइट आल्यावर मशीन पुन्हा सुरू केलं आणि खारबावला हाक मारली. पडद्यावर उत्तर आलं की या नावाचं कुणी माहीत नाही. मुंबईचे साहेब फोनवर चिडले. म्हणाले, हे तुम्हाला झेपणारं काम नाही, उद्या आमचा माणूस पाठवतो. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत.

"काय बोलतो?"

"खारबावला ओळखत नाही म्हणतो."

"आत्ता तं वळखत होता."

त्यावरून माझं डोकं चालायला लागलं. आत्ता ओळखत होता, म्हणजे नाव बरोबर होतं, पत्ताही बरोबर होता. मग विसरला का? आणि लख्ख आठवलं. त्या मशीनला गोष्टी दोन तऱ्हांनी सांगता यायच्या. एक नुसती तोंडी सांगितल्यासारखी, चालू असेपर्यंत लक्षात राहणारी. दुसरी कायमची, आत डिस्कवर लिहून ठेवलेली. घाईत मी फक्त पहिली केली होती. मी फोनवर म्हटलं, "सर, तुमचा माणूस पाठवू नका. थोडं थांबा." माझा आवाज एवढा ठाम निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. सगळी नावं मी कायमची लिहिली. मग साहेबांना म्हटलं, आता मशीन आपणच बंद करूया आणि परत चालू करूया. ते म्हणाले, "चालतंय ते कशाला बंद करता?" मी म्हटलं, "लाइट उद्याही जाणारच आहे, सर."

मशीन परत उठेपर्यंत तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात. मी हाक मारली. खारबावने ओ दिली. आणि पाठोपाठ पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. गोदामाचा क्लार्क तुमच्याच आळीतला, तुम्ही इथे आहात हे त्याला मघाशी फोनवर कळलं होतं. त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: काकी, जेवलात का?

मी वाचून दाखवलं. तुम्ही पडद्याकडे बघत राहिलात, मग माझ्याकडे. "ह्यो खारबावशी बोलतो? आत्ता?"

"आत्ता."

"मंग सांग त्याला, न्हाय जेवले. ही जेवू देत न्हाय." मी तसंच्या तसं टाइप केलं. तिकडून उत्तर आलं की सुकटीचं कालवण आहे, लवकर या. त्यावर तुम्ही जे हसलात, आई, तसं घरी हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी धामणकर नाक्याला रिक्षा बदलली, घरी पोचलो. मामंजी ओटीवर बसलेले. "आनलीस तिला?" त्यांनी विचारलं. तुम्ही बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलंत. "आनली. उद्या परत जायाची हाय. ती नसली तं त्या कपाटाला आपला खारबाव वळखू येत न्हाय." मामंजींना यातलं काहीही कळलं नाही आणि तुम्ही समजावून सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाळाला वरणाचं पाणी कुणी भरवायचं, हेही तुम्हीच ठरवून टाकलंत. ते काम मामंजींकडे गेलं.

पुढे मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख झाले, तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत आणि "आमची सून कपाटांची नावं ठेवते" असं सांगत फिरलात. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ते मशीन भंगारात गेलं. नवी आली, त्यांना नावं कितीही लांब चालायची.

हे लिहून झालं तसं घडी करून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवणार आहे. टाकायला टपालपेटी नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचावं अशी इच्छाही नाही. एकच सांगायचं राहिलंय. तुम्ही दारात उभं राहून "चल घरी" म्हणालात, तेव्हा मी टेबलाखाली पायाने चप्पल शोधत होते. बाळाचं रडणं ऐकून माझा सगळा जोर गेला होता. तुम्ही तेच परत एकदा म्हणाला असतात, तर मी मुकाट्याने आले असते. पुढे सगळ्यांना मी ठासून सांगत आले की नोकरी सोडायचा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. तुमच्यासमोरही सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत.