सूतभर वर बसवलेलं सील

बाबा, तुम्ही चुकला होतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नेहमीसारखे मधेच उठून चहा सांगायला जाल आणि माझं म्हणणं अर्धवट राहील.

तो ट्रकचा दिवस आठवा. रेवदंड्याच्या वळणावरचं आपलं गॅरेज, जॅकवर चढवलेलं मागचं चाक, बाकड्यावर वडापाव खात बसलेले दोन ड्रायव्हर आणि तुमच्या हाताखाली नुकतीच शिकायला लागलेली मी. चाकाच्या दांड्याजवळून तेल गळत होतं म्हणून दांड्याभोवतीचं जुनं रबरी सील काढलं आणि दांड्यावरून नख फिरवलं, तर नख अडकलं. सीलची रबरी कड एकाच जागी घासून घासून तिथं बारीक चर पडला होता. नवं सील त्याच जागी बसवलं तर त्याची कड त्याच चरावर येणार आणि तेल पुन्हा गळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी ते पार आत न ठोकता सूतभर वर ठेवलं. त्यामुळे कड चर सोडून कोऱ्या लोखंडावर टेकली. मला वाटलं, आता तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही उलट सील उपसून काढलंत आणि ड्रायव्हरला नवा दांडा आणायला पिटाळलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "बाय, घासलाय त्यो बदलाचा. सील वर ठेवून चोरी कशाला करतंस?" ड्रायव्हर हसले. तो चोरी शब्द मला इतका झोंबला की दुपारी मी जेवलेच नाही, आणि तुम्ही माझ्या वाटचं बोंबलाचं कालवणही संपवून टाकलंत.

तुमच्यामागे मी गॅरेज चालवतेय, पण ट्रकवाले हल्ली मोठ्या वर्कशॉपमध्ये जातात. मध्यंतरी असे दिवस आले की सकाळी शटर वर करायचं ते केवळ सवय म्हणून. किनाऱ्यावर मात्र नवीच गाडी आलीय. मोटारसायकलसारखं हँडल, ट्रॅक्टरच्या पोरांसारखे फुगीर चार टायर. एटीव्ही म्हणतात तिला. पर्यटक तिच्यावर बसून वाळूत घिरट्या घालतात आणि कितीही ओरडून सांगितलं तरी एखादा शहाणा ती लाटांत घालतोच. मग वाळू सीलखाली शिरते, पॉलिश पेपरसारखी दांडा खाते, आणि मागोमाग खारं पाणी गिअरच्या पेटीत. तेल पाहावं तर दुधाचा चहा. नागावच्या एका गाडीवाल्याच्या सगळ्या गाड्या अशाच आजारी पडल्या होत्या. दुसऱ्या गॅरेजात त्याने दोनदा नवी सीलं बसवून घेतली, दोन्ही वेळा पाणी आत. दांडे परदेशातून यायचे, ते येईपर्यंत मे महिन्याची सुट्टी संपली असती, आणि त्याचं वर्ष त्याच सुट्टीवर चालतं. तो म्हणाला, "ताई, तू एकदा बग. तुज्यान न्हाय झाला तं इकून टाकतो." त्या गाड्या गेल्या असत्या तर बहुधा माझं शटरही कायमचं खाली आलं असतं. हे मी त्याला बोलले नाही, तुम्हाला सांगते.

पहिल्या गाडीचं चाक उतरवते, दांडा ओढून काढते, जुनं सील आकड्याने उचकटते. रॉकेलने सगळं धुऊन नख फिरवते. तोच चर. हात तिथंच थांबतो, कारण कानात तुम्ही. पण बाबा, बदलायला दांडाच नव्हता. सील ज्या खोबणीत बसतं तिची खोली मी मोजली, सूतभर जागा शिल्लक होती. दांड्याच्या दातांवर टेप गुंडाळली, म्हणजे सरकवताना रबर कापलं जाऊ नये. कडेला ग्रीस लावलं, आणि सील सगळीकडून सारखं आत जावं म्हणून तुम्हीच कापून ठेवलेला पाइपचा तुकडा वर धरून हलक्या हाताने ठोकलं. तुमच्याच हत्याराने तुमचा नियम मोडला, याची गंमत मला तेव्हाही वाटली. सूतभर आधी थांबले.

ओहोटीला गाडीवाल्याने ती स्वतः पाण्यात घातली, अर्धं चाक बुडेल इतकी, आणि भरपूर फिरवली. मग आम्ही दोघांनी वाकून पेटीखालचा बोल्ट सोडला. तेल मधासारखं खाली आलं, नितळ. त्याने ते बोटांवर घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "बाकीच्या उंद्या आनतो." अख्खी सुट्टी त्या गाड्या धावल्या. सुट्टी संपल्यावर मी पुन्हा तेल पाहिलं, तेवढंच स्वच्छ. तो पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन आला आणि सगळ्या किनाऱ्यावर सांगत सुटला. आता काशीदहून, मुरुडहून गाड्या टेम्पोत घालून माझ्याकडे येतात. कधी कधी रांग रस्त्यापर्यंत जाते. पहिली रांग लागली त्या दिवशी मी गॅरेजात एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू. चोरी म्हणालात ना? बघा तुमच्या चोराची रांग.

इथंच थांबणार होते. पण गेल्या आठवड्यात एक ट्रकवाला आला. मागच्या चाकाचं सील गेलेलं, आत चर, गाडीत खडी भरलेली. म्हणाला, "ताई, वालूतल्या गाड्यांना करतंस तसा सूतभर वर बसव. घाई हाय." मी पाइपचा तुकडा हातात घेतला होता. मग विचारलं, कुठून जाणार? कार्ले खिंडीतून, म्हणाला. ते सील फसलं तर तेल थेट ब्रेकवर जातं, आणि खिंडीच्या उतारावर समोरून एसटी येत असते. वाळूतली गाडी बंद पडली तर माणूस चालत घरी जातो. मी तुकडा खाली ठेवला आणि तोंडातून आलं, "घासलाय त्यो बदल. मंगच सील बसवीन." तो खूप भांडला. शेवटी पार्ट आणायला अलिबागला गेला.

तर बाबा, वाळूत मी जिंकले आणि खिंडीत तुम्ही. हे शेवटचं लिहिलं नसतं तर पत्र तुमच्या फोटोमागे ठेवलं असतं. आता ठेवत नाही. तुम्हाला कळलं तर तिकडे वर सगळ्यांना सांगत सुटाल.