दुरुस्ती : तिन्ही पिल्लं सुखरूप

१२ एप्रिल

प्रिय चिमणे,
सप्रेम आशीर्वाद.

डोमकावळ्यांची तिन्ही पिल्लं सुखरूप आहेत. समोरच्या इमारतीच्या लिफ्टमिस्त्रीने आज सकाळी गच्चीवरच्या शिडीवर चढून, घरट्यात डोकावून खात्री केली. म्हणजे मागच्या पत्रात मी ‘एक पिल्लू गेलं’ असं कळवलं होतं, ते चूक. आमच्या वर्तमानपत्रात अशी दुरुस्ती आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत टाकायचो. तुझ्यासाठी पहिल्या पानावर टाकली आहे. रडली असशील तर डोळे पूस.

झालं असं, की गच्चीच्या कठड्यावर काहीतरी काळं पडलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हललं नाही. मी समजायचं ते समजलो आणि तुला पत्र टाकून मोकळा झालो. आज फाटकाशी मिस्त्री भेटला, त्याच्यापाशी हळहळलो, तर तो पोट धरून हसायला लागला.

“काका, तो माझा रबरी हातमोजा हो! ती मादी डोक्यावर अशी झेपावली, की हातमोजा तिथंच टाकून मी पळत सुटलो. तुम्ही काय, शोकसभा भरवलीत?”

दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं आणि खिडकीच्या काचा धुळीने भरल्या आहेत. त्यातून घोटाळा झाला. असो.

बाकी घरटं झकास आहे. लिफ्टच्या मोटारखोलीला लागून जो लोखंडी कोनाडा आहे, त्यात काटक्यांबरोबर विजेच्या तारांचे तुकडेही गुंफले आहेत म्हणे. आत कुणाच्या तरी गालिच्याची लोकर. साधे कावळे तिकडे फिरकत नाहीत. एकदा आठ-दहा जणांनी मिळून हल्ला केला, पण नराने एकेकाला असं हुसकावलं की गल्लीत नुसता गोंधळ. त्याचा आवाज तुला आठवतो ना? कावकाव नाही, रिकाम्या पिंपात कुणी खाकरावं तसा. मादी घरट्यावर असली की लाकडावर टिचकी मारल्यासारखं ‘टॉक, टॉक’ करते. रानातले पक्षी एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध, बँकेच्या आणि दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर संसार मांडून बसलेत, याची गंमत वाटते.

तुझं कानाचं यंत्र कसं चाललंय? की अजून शिवणाच्या डब्यातच?

तुझा,
दादा


१७ एप्रिल

ती. दादास,
सा. नमस्कार.

तुझ्या पहिल्या पत्राने मी रडले आणि दुसऱ्याने हसले. मग दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि हसू गेलं.

समोरची गच्ची तुझ्या खिडकीपासून कितीशी लांब आहे रे? मागच्या खेपेला मी आले होते, तेव्हा तिथे वाळत घातलेल्या शर्टाची उसवलेली शिवण तू मला खिडकीतून दाखवली होतीस. आणि आता तुला हातमोजा आणि पिल्लू यांत फरक कळत नाही? काचांवर धूळ आहे म्हणे. काचा तू रोज पुसतोस, दादा. त्यावरून वहिनी तुला चिडवायची.

जन्मभर तू बातमीदारांचा जीव खाल्लास. बिचारे धापा टाकत आले, की तुझा एकच प्रश्न : “तू स्वतः पाहिलंस का?” आणि दोघांनी सांगितल्याशिवाय ओळ छापायची नाही. आता मी विचारते. या पत्रात तू स्वतः काय पाहिलं आहेस? तारा मिस्त्रीने सांगितल्या. लोकर मिस्त्रीने सांगितली. उरलेलं सगळं ऐकलेलं. तुझं अक्षरसुद्धा बघ, बोराएवढं झालंय, आणि ओळी डोंगर चढल्यासारख्या वर चालल्या आहेत.

अण्णांचं डोळ्यांचं ऑपरेशन तुझ्या मनातून गेलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्याही गेलेलं नाही. पट्टी सोडली तेव्हा ते “दिवा लावा” म्हणाले आणि खोलीत लख्ख ऊन होतं. पण तू अण्णांचा मुलगा असलास तरी अण्णा नाहीस, आणि ते दिवसही आता राहिले नाहीत.

मी बहिरी, हे सगळ्या जगाला माहीत. सूनबाई मला हाक मारते तेव्हा शेजारचे दार उघडतात. यंत्र लावलं की म्हातारी दिसेन म्हणून लावत नव्हते. आता तू म्हणशील की लावलं नाही तरी दिसतेस. तर सौदा कर. तू डोळे दाखव, मी यंत्र लावते. आधी तू.

तुझी,
चिमणी

ता. क. उत्तरात ऊन आणि धूळ नको.


२३ एप्रिल

प्रिय चिमणे,
अनेक आशीर्वाद.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पुरता पिकलेला, डावा त्याच्या मागोमाग. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आणि माझाच जुना नियम म्हणून त्यांच्या वरच्या डॉक्टरांकडूनही वदवून घेतलं. दोन जणांनी सांगितलं, तेव्हा बातमी छापायला हरकत नाही.

मी त्यांना अण्णांचं सगळं सांगितलं. बाई पोरसवदा, पण खमक्या. म्हणाल्या, “आजोबा, हमी मी देणार नाही. हमी देणारा डॉक्टर दिसला तर उलट पावली पळा. पण एक सांगते. ऑपरेशन करून काय होईल याची तुम्हाला भीती आहे. न करून काय होतं ते तुम्ही रोज बघताय.” मग स्वतःच दुरुस्ती केली, “म्हणजे, बघत नाही आहात.” मला हसू आलं. आमच्या कचेरीत असती तर तिला मथळे लिहायला बसवलं असतं.

थंडीपासून मी वर्तमानपत्र वाचलेलं नाही. घेतो, उघडतो, घडी करून ठेवतो. तुझी पत्रं तेवढी भिंग धरून, एकेक ओळ करून वाचतो. पोरं फोन करतात तेव्हा रेडिओवर ऐकलेली बातमी वाचल्यासारखी सांगतो. घरटं बांधलं गेलं ते मी काळा ठिपका येतो-जातो एवढंच पाहिलं. तुला लिहायचो ते नंतर मिस्त्रीकडून गोळा करून.

पण ते राहू दे. खरी गोष्ट त्या हातमोज्याची आहे. दिवसभर मी खिडकीत बसून होतो. खाली उतरून कुणालाही विचारता आलं असतं, “अहो, ते काय आहे हो तिथे?” उतरलो नाही. विचारलं असतं तर मला दिसत नाही हे बाहेर पडलं असतं. त्यापेक्षा पिल्लू मेलेलं मला परवडलं. हे तुझं पत्र आल्यावर कळलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. भीती घेऊनच गेलो. ती अजून बरोबरच आहे, पण आता निदान रांगेत माझ्या मागे उभी राहते.

मिस्त्रीला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “काका, मला तेव्हाच शंका आली होती. तुम्ही मला दोनदा पोस्टमन समजून हाक मारलीत.” आता तो कामावर आला की खालूनच मला ताजी खबर ओरडून देतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आजची खबर : पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख झाडतात, आणि सगळ्यांत धाकटं आत गडगडतं. ते पुन्हा वर चढतं. नर-मादी आता घास घेऊन सरळ घरट्यात येत नाहीत; टाकीवर बसतात आणि तिथून बोलावतात. पोरांना बाहेर काढायची ही त्यांची रीत.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी. शुक्रवारी सकाळी पट्टी काढतील. पिल्लं, मिस्त्रीच्या अंदाजाने, त्यानंतरच्या आठवड्यात उडतील.

तू बुधवारी ये. यंत्र कानात घालून ये, डब्यात नको. पहिलं पिल्लू कठड्यावरून सुटेल तेव्हा आईबाप कसा आवाज काढतात ते तू ऐक. ते कुठे जातं ते मी बघतो. एकाने पाहिलेलं, एकीने ऐकलेलं, मग कुणाला विचारायची गरज नाही.

शुक्रवारी पट्टी सुटताना मात्र तू आधी माझ्यासमोर उभी राहा. म्हातारी दिसतेस की नाही, ते मी स्वतः पाहून सांगेन.

वाट पाहणारा,
दादा